घरटी एक मत

आमच्या गावकीची एक वही होती. लाल पुठ्ठ्याची, लांबट, वाण्याच्या उधारीच्या वहीसारखी. अण्णा ती लिहायचे, कारण वाडीत त्यांचं अक्षर बरं होतं आणि त्यांचं कुणाशी फारसं वाकडं नव्हतं. डाव्या रकान्यात घरांची याद : मोठं घर, मधलं घर, फणसाखालचं, पाणंदीवरचं, सोनाराचं (सोनार पन्नास वर्षांपूर्वीच गाव सोडून गेलेला, पण घर सोनाराचंच). माणसांची नावं कुठेच नाहीत, फक्त घरं. एकूण ३१. पुढच्या रकान्यात बरोबरची खूण नाहीतर फुली. आणि क्वचित एक तिसरी खूण, आडवी रेघ.

संगमेश्वर तालुक्यातली आमची वाडी. शिमग्याच्या आधी देवळाच्या सभामंडपात बैठक बसायची. पालखी कुठल्या दिवशी कुठल्या वाडीत, ढोल कुणी दुरुस्त करायचे, वर्गणी किती, सगळं तिथेच ठरायचं. वर्गणी घरटी आणि मतही घरटी. मी सातवीत होते तेव्हाची बैठक मला लख्ख आठवते, कारण त्या वर्षी पालखीवरून नाही तर पाण्याच्या टाकीवरून तापलं होतं. टाकी वरच्या अंगाला बांधायची की खालच्या?

मोठ्या घरात तेव्हा १४ माणसं. दोन भावांचे दोन संसार, चुली वेगळ्या, उंबरा एक. अण्णांनी पुकारलं, "मोठं घर?"

थोरले म्हणाले, "वर."

धाकटे म्हणाले, "खाली."

अण्णांनी पेन तसंच धरून ठेवलं. "अरे, घरात ठरवून या की."

"ठरलं असतं तर दोघं आलो असतो होय?" धाकटे म्हणाले, आणि सगळा मंडप हसला. अण्णांनी रेघ मारली. १४ माणसांच्या पिण्याच्या पाण्याची एक आडवी रेघ. लगेच पुढचं नाव पाणंदीवरच्या घराचं. तिथे एकटी आजी राहायची. ती खांबाला टेकून उभी होती. म्हणाली, "खाली. माझ्याच्यानं चढवत नाही." बरोबरची खूण. टाकी खाली झाली, आणि ती एका खुणेच्या फरकाने झाली.

घरी जाताना मी अण्णांना विचारलं, की त्या घरात चौदाजण आणि आजी एकटी, मग हे बरोबर कसं? अण्णा कंदील सावरत म्हणाले, "गावकीत माणसं मोजत नाहीत. घरं मोजतात."

हे सगळं मी साफ विसरले होते. आठवलं ते २०२० च्या सप्टेंबरात, आयोवा सिटीत, भांडी घासताना. रेडिओवर पेन्सिल्वेनियातल्या मिडलटाउनमधल्या ट्रंप यांच्या सभेची बातमी चालू होती. निवडणुकीचा निकाल अडला आणि प्रकरण काँग्रेसकडे, म्हणजे इथल्या संसदेकडे, गेलं तर फायदा आपलाच आहे, असं ते सांगत होते. तिथे राज्यागणिक एक मत मोजतात आणि २६ विरुद्ध २२ असं काहीसं आपल्या बाजूने आहे, असा त्यांचा हिशेब. मी नळ बंद केला. घरटी एक मत! ही तर आमची गावकी.

मी तोवर बारा वर्षं अमेरिकेत होते, पण हा नियम मला ठाऊक नव्हता. आमच्या ओळखीतल्या, इथेच जन्मलेल्या दोघा-तिघांना विचारलं तर त्यांनाही नव्हता. नियम असा. अध्यक्षपदासाठी राज्याराज्यांतून निवडलेले ५३८ इलेक्टर मत देतात, जिंकायला २७० लागतात. कुणालाच २७० मिळाले नाहीत, म्हणजे २६९-२६९ अशी बरोबरी झाली किंवा तिसऱ्या उमेदवाराने काही राज्यं खाल्ली, तर पहिल्या तिघांतून अध्यक्ष निवडण्याचं काम काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाकडे येतं. त्या गृहात ४३५ सभासद आहेत, पण या एका कामापुरते ४३५ मोजत नाहीत. प्रत्येक राज्याचे सभासद आपापसात ठरवतात आणि राज्याचं मिळून एक मत पडतं. ५० राज्यं, जिंकायला २६. कॅलिफोर्नियाचे तेव्हा ५३ सभासद होते, आता ५२. त्यांचं मत एक. वायोमिंगची वस्ती २०२० च्या जनगणनेत पावणेसहा लाखांच्या आसपास, सभासद एकच. त्यांचंही मत एक. पाणंदीवरची आजी. आणि एखाद्या राज्याचे सभासद दोन पक्षांत निम्मे-निम्मे असले आणि कुणी हललं नाही, तर त्या राज्याचं मत पडतच नाही. वॉशिंग्टन शहराला इलेक्टर तीन आहेत, पण या गावकीत त्याला घरच नाही.

फोनवर अण्णांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले. निवृत्त शिक्षक, नागरिकशास्त्र शिकवलेलं. म्हणाले, "आपल्याकडे उलट. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचं वजन १७५ आणि गोव्याच्या आमदाराचं २०. लोकसंख्येवर." मग जरा थांबून, "पण यात भाऊबंदकी झाली की घर मुकं. हे आपल्यासारखंच."

त्या रात्री मी मुलाच्या गणिताच्या वहीतलं मागचं पान घेऊन ५० राज्यांची याद लिहिली. तेव्हापासून लिहितेच आहे. दर दोन वर्षांनी निवडणूक झाली की एक नवा रकाना. लोक अध्यक्ष कोण झाला, गृहात बहुमत कुणाचं, हे बघतात. मी बघते कुठलं घर कुठून कुठे गेलं.

हा हिशेब प्रत्यक्ष वापरावा लागण्याची पाळी अमेरिकेवर दोनदाच आली. १८२५ ची गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी आहे : चार उमेदवार, जॅक्सन यांना सर्वांत जास्त ९९ इलेक्टर, तरी बहुमत नाही. गृहात जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी पहिल्याच फेरीत २४ पैकी १३ राज्यं घेतली. तेरावं राज्य न्यूयॉर्क, आणि त्याच्या ३४ सभासदांपैकी ॲडम्सकडे १८. म्हणजे निम्म्याच्या वर फक्त एक. त्यातला एक म्हातारा सभासद डोळे मिटून देवाचा धावा करत होता, डोळे उघडले तर पायाशी ॲडम्सच्या नावाची चिठ्ठी पडलेली, त्याने तीच उचलून टाकली, अशी आख्यायिका आहे. कौल लावायची पद्धत कोकणाबाहेरही असावी.

पण माझा जीव १८०१ च्या गोष्टीत जास्त रमतो. तेव्हा राज्यं १६, लागत होती ९. जेफरसन आणि बर हे दोघं एकाच पक्षाचे, एक अध्यक्षपदासाठी आणि दुसरा उपाध्यक्षपदासाठी उभा केलेला. पण त्या काळच्या नियमात इलेक्टरने दोन नावं लिहायची, कुठलं कशासाठी ते लिहायचं नाही. दोघांना ७३-७३ मतं पडली. प्रकरण गृहात. आणि गृह कुठलं, तर निवडणुकीत हरलेलं जुनं गृह. त्यात विरोधी फेडरलिस्टांचं बहुमत! त्यांना जेफरसन डोळ्यांसमोर नको होता, म्हणून त्यांनी बरला धरलं.

११ फेब्रुवारीला मतदान सुरू झालं. जेफरसनकडे ८ राज्यं, बरकडे ६, आणि दोन आडव्या रेघा : मेरिलँड आणि व्हरमाँट. मेरिलँडचे आठ सभासद, चार इकडे चार तिकडे. या चारांतला एक, जोसेफ निकल्सन, तापाने फणफणलेला. बाहेर बर्फ. त्याला उचलून आणला आणि गृहाशेजारच्या खोलीत बिछाना घालून झोपवला. बायको उशाशी. दर फेरीला मतपेटी त्याच्या बिछान्यापर्यंत जायची. तो नसता तर मेरिलँड चार-तीनने बरकडे गेलं असतं. तो पडल्या पडल्या आपल्या राज्याची रेघ राखत होता. रेघ राखणं हेही काम असतं, हे मला त्याच्यामुळे कळलं. व्हरमाँटचे दोनच सभासद : जेफरसनचा मॅथ्यू लायन आणि फेडरलिस्ट लुईस मॉरिस. यातला लायन म्हणजे अस्सल अवली. सरकारविरुद्ध लिहिल्याबद्दल तुरुंगात गेलेला आणि तुरुंगात बसूनच पुन्हा निवडून आलेला.

३५ फेऱ्या झाल्या. खूण हलेना. डेलावेअरचा बेयार्ड हा राज्याचा एकुलता एक सभासद, म्हणजे त्याच्या मनात आलं की एक राज्य हललं. त्याने आपल्या लोकांना सांगितलं की आता पुरे. १७ फेब्रुवारीला, ३६ व्या फेरीत, मॉरिस आलाच नाही. व्हरमाँटचं घर लायनच्या एकट्याच्या हाती आलं. मेरिलँडच्या फेडरलिस्टांनी कोऱ्या चिठ्ठ्या टाकल्या. बेयार्डनेही कोरी टाकली. जेफरसन १० राज्यांनी निवडून आला आणि एकाही फेडरलिस्टाने त्याला मत दिलं नाही. दोन रेघांच्या जागी दोन खुणा आल्या, त्या कुणी बाजू बदलली म्हणून नव्हे. समोरचे गप्प बसले म्हणून.

मोठ्या घरातले धाकटे त्या टाकीच्या बैठकीला न येते तर, हा विचार माझ्या मनात अनेकदा येऊन गेला आहे.

तीन वर्षांनी, १८०४ मध्ये, बाराव्या घटनादुरुस्तीने दोन पदांसाठी वेगवेगळी मतं केली. पण घरटी मत तसंच ठेवलं. पुढे १९३३ च्या विसाव्या दुरुस्तीने नवं गृह ३ जानेवारीला बसायला लागलं, म्हणजे आता असं काही झालंच तर मत देणारं गृह नवं असेल. म्हणून तर नोव्हेंबरात कुठलं राज्य कुठे गेलं याला अर्थ आहे.

आता माझ्या वहीकडे येते.

२०१६ च्या निवडणुकीनंतर रिपब्लिकनांकडे ३२ राज्यं, डेमोक्रॅटांकडे १७, रेघ एक (मेन, १-१). २०१८ मध्ये डेमोक्रॅटांची लाट आली. गृहात त्यांच्या २३५ जागा झाल्या. ॲरिझोना, कोलोरॅडो, आयोवा, व्हर्जिनिया, मेन अशी राज्यं त्यांच्याकडे आली. पेन्सिल्वेनियात तर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जुना मतदारसंघांचा नकाशाच फेटाळला होता, नवा नकाशा आला आणि घर ९-९ झालं. मिशिगन ७-७. एवढं सगळं होऊनही रिपब्लिकनांकडे २६ राज्यं उरलीच. बरोबर २६. गृहात बहुमत एकाचं आणि घरटी बहुमत दुसऱ्याचं. मिडलटाउनच्या सभेतला आकडा हाच. सभेच्या दुसऱ्याच दिवशी सभापती नॅन्सी पलोसी यांनी आपल्या सभासदांना पत्र लिहिलं की नुसत्या जागा नव्हे, राज्यं फिरवण्याकडे लक्ष द्या. तीन महिन्यांनी, निवडणुकीचा निकाल उलटवण्यासाठी ट्रंप यांचे वकील जॉन ईस्टमन यांनी लिहिलेल्या त्या कुप्रसिद्ध टिपणातही २६ आलाच.

या उलट कॅलिफोर्निया बघा. २०१८ मध्ये डेमोक्रॅटांनी तिथे सात जागा हिसकावल्या, २०२० मध्ये रिपब्लिकनांनी चार परत घेतल्या. अकरा जागांची उलथापालथ, करोडो डॉलरचा चुराडा, आणि माझ्या वहीत दोन्ही रकान्यांत तीच खूण. मोठ्या घरात रोज भांडणं होतात, पण उंबऱ्याबाहेर आवाज एकच.

आणि आयोवा. तिथे चार सभासद, २०१८ नंतर ३-१ डेमोक्रॅट. आम्ही राहत होतो तो दुसरा मतदारसंघ. तिथला जुना सभासद निवृत्त होत होता. ३ नोव्हेंबर २०२० ला मी नवऱ्याला म्हटलं, चल, निदान मतदानाची रांग तरी बघून येऊ. आम्हाला ग्रीन कार्ड मिळून पावणेदोन वर्षं झालेली, मत नाही. शाळेच्या व्यायामशाळेबाहेर सहा-सहा फुटांवर निळ्या चिकटपट्ट्या लावलेल्या, त्यावर मास्क लावलेली माणसं. आम्ही गाडीत बसून थर्मासातला चहा प्यायलो आणि परत आलो.

मग सुरू झाला तमाशा. पहिल्या रात्री रिपब्लिकन मिलर-मीक्स पुढे. एका काउंटीत आकडे चुकीचे भरले गेल्याचं कळलं, तर डेमोक्रॅट रीटा हार्ट पुढे. दुसऱ्या काउंटीत चूक निघाली, पुन्हा मिलर-मीक्स. फेरमोजणी. ३० नोव्हेंबरला निकाल जाहीर झाला : १,९६,९६४ विरुद्ध १,९६,९५८. सहा मतं. जवळजवळ चार लाखांत सहा. आमच्या गल्लीत मत नसलेले आम्हीच सहाजण होतो. आम्ही दोघं, समोरचे नेपाळी जोडपं, आणि कोपऱ्यावरच्या घरातले दोन सुदानी भाऊ.

पहिल्या मतदारसंघातही त्याच वेळी जागा फिरली होती. त्यामुळे हार्ट जिंकल्या असत्या तर आयोवा २-२ झालं असतं, म्हणजे रेघ. हरल्या म्हणून ३-१, म्हणजे राज्य सरळ रिपब्लिकनांकडे. सहा मतांनी नुसती जागा ठरली नाही, राज्याला या हिशेबात तोंड असणार की नाही तेच ठरलं. हार्ट यांनी गृहाकडे दाद मागितली आणि मार्च २०२१ अखेर अर्ज मागे घेतला. २०२० चा रकाना असा भरला : रिपब्लिकन २७, डेमोक्रॅट २०, रेघा ३. गृहात मात्र बहुमत डेमोक्रॅटांचंच, २२२. मिनेसोटा ५-३ वरून ४-४ झालं, कारण पश्चिमेकडच्या शेतीच्या भागातून ३० वर्षं निवडून येणारे कॉलिन पीटरसन पडले. एक माणूस पडला आणि घर मुकं झालं.

२०२२ च्या उन्हाळ्यात आम्ही मिशिगनला आलो, ईस्ट लॅन्सिंगला. मिशिगनची खाण्यापिण्याची तारीफ मी करणार नाही, पण माझ्या छंदाला याच्याइतकं रसाळ राज्य दुसरं नाही. २०१८ ला ७-७. मग ४ जुलै २०१९ ला, मुहूर्त बघून, जस्टिन अमाश यांनी रिपब्लिकन पक्ष सोडला. ७-६-१. एका माणसाने मतदारांना न विचारता राज्याची रेघ पुसली. २०२० ला पुन्हा ७-७. मग जनगणनेत एक जागा गेली, १४ च्या १३ झाल्या. विषम आकडा! आता सगळ्या जागा भरलेल्या असल्या आणि दोनच पक्ष असले तर रेघ शक्यच नाही. २०२२ ला ७-६, डेमोक्रॅट.

त्या सातांत एक श्री ठाणेदार होते. जन्म चिकोडीचा, वाढले बेळगावात, आणि ७ जानेवारी २०२३ ला डेट्रॉइटचे प्रतिनिधी म्हणून शपथ घेतली. मंडळाच्या संक्रांतीला तिळगुळापेक्षा हाच विषय जास्त. "आपला बेळगावचा माणूस काँग्रेसमध्ये!" मी तेच अण्णांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "काँग्रेसमध्ये? आता? काँग्रेसची ही अवस्था असताना?" दोन मिनिटं आम्ही वेगवेगळ्या काँग्रेसबद्दल बोलत होतो.

मंडळातल्या काकांना मी सांगायचा प्रयत्न केला, की अभिमान ठीक आहे, पण गंमत पुढे आहे. घर ७-६ असतं तेव्हा सातातला प्रत्येकजण सातवा असतो. कुणीही एक सरकला तर मिशिगन फिरतं. म्हणजे उद्या २६९-२६९ झालं तर एका राज्याचं मत एका बेळगावकराच्या उपस्थितीवर अवलंबून. काका म्हणाले, "ते डेट्रॉइटचे आहेत ना? मिशिगनचे कसे?" प्रश्न विनोदी वाटला तरी मी हसले नाही. आपण कुठे राहतो आणि कुठल्या राज्यात मोजले जातो, या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात हे १९५६ पासून बेळगावच्या मराठी माणसाला सांगावं लागत नाही.

२०२२ च्या रकान्यात आणखी एक खूण मी लाल पेनने केली आहे. अलास्का. तिथे सभासद एकच. डॉन यंग १९७३ पासून, तब्बल ४९ वर्षं. मार्च २०२२ मध्ये ते गेले आणि पोटनिवडणुकीत मेरी पेल्टोला निवडून आल्या. डेमोक्रॅट, युपिक समाजाच्या, अलास्काच्या मूळ रहिवाशांतून काँग्रेसमध्ये गेलेल्या पहिल्या. नोव्हेंबरात पुन्हा जिंकल्या. एका बाईंच्या येण्याने एक अख्खं राज्य इकडचं तिकडे. पाणंदीवरची आजीच, फक्त बर्फातली. हिशेब : रिपब्लिकन २६, डेमोक्रॅट २२, रेघा २.

२०२४ च्या जूनमध्ये आम्ही नागरिकत्वाची शपथ घेतली. आमचा मतदारसंघ सातवा. तिथल्या एलिसा स्लॉटकिन सिनेटला उभ्या राहिल्या, त्यामुळे जागा मोकळी. रिपब्लिकन टॉम बॅरेट विरुद्ध डेमोक्रॅट कर्टिस हर्टेल. टीव्हीवर दर जाहिरातीला दोघांपैकी एकजण दुसऱ्याला खोटारडा म्हणत होता. मला मात्र एकच गोष्ट छळत होती. मिशिगन ७-६ आहे, आणि माझ्या वहीनुसार ज्या एका जागेने ते ६-७ होऊ शकतं त्यात आमची जागा पहिली. बारा वर्षांची मुलं जिला 'प्रेशर' म्हणतात, ते मला चाळिशीत पहिल्यांदा मत देताना आलं.

मत नऊ दिवस आधीपासून देता येत होतं, पण मी ५ नोव्हेंबरलाच गेले. जाड कागदाची, हातभर लांब मतपत्रिका, काळ्या पेनने अंडाकृती गोळे भरायचे. इतकी नावं, की न्यायाधीश, कॉलेजचे विश्वस्त, ग्रंथालयाचं मंडळ. सातव्या मतदारसंघाच्या गोळ्यापाशी मी इतका वेळ घेतला की मागच्या टेबलावरच्या आजोबांनी घसा खाकरला. मत कुणाला दिलं ते सांगत नाही, अण्णांनाही सांगितलेलं नाही. बाहेर पडताना स्टिकर मिळाला. त्या वर्षी मिशिगनमध्ये शाळकरी मुलांच्या स्पर्धेतून निवडलेला एक लांडगा-माणूस होता, अंगातला शर्ट टराटरा फाडणारा, मागे झेंडा. एका बारा वर्षांच्या मुलीने काढलेला. मुलाने तो माझ्या जॅकेटवरून काढून फ्रिजला लावला, अजून आहे.

बॅरेट जिंकले. मिशिगनमध्ये त्या वर्षी फिरलेली प्रतिनिधिगृहाची जागा ती एकच. ७-६ चं ६-७ झालं. मी ज्या कागदावर गोळा भरला होता त्या कागदाने मिशिगनचं घर उंबऱ्यासकट फिरलं.

बाकीचं पटकन सांगते. अलास्कात निक बेगिच यांनी पेल्टोलांना हरवलं. पेन्सिल्वेनिया ९-८ वरून १०-७, रिपब्लिकन. कोलोरॅडो ५-३ वरून ४-४. मिनेसोटा ४-४, जसंच्या तसं. नॉर्थ कॅरोलायनाचं सगळ्यात मासलेवाईक. २०२२ ला न्यायालयाच्या नकाशावर ७-७. पुढच्या वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातले न्यायाधीश बदलले, निकाल फिरला, विधिमंडळाने नवा नकाशा काढला आणि २०२४ ला १०-४. त्याच दिवशी त्याच मतदारांनी गव्हर्नर मात्र डेमोक्रॅट निवडला. याला घर फिरलं म्हणत नाहीत. याला भिंती सरकवल्या म्हणतात. एकूण : रिपब्लिकन ३०, डेमोक्रॅट १८, रेघा २.

२०२५ मध्ये तर भिंती सरकवायची साथच आली. ऑगस्टमध्ये टेक्ससने पाच जागांवर डोळा ठेवून नवा नकाशा केला, नोव्हेंबरात कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी त्याला उत्तर म्हणून आपला नकाशा बदलायला मंजुरी दिली. वर्तमानपत्रांची पानंच्या पानं. माझ्या वहीत मात्र काहीच नाही. टेक्ससचं घर आधीही त्यांचंच, कॅलिफोर्नियाचं आधीही यांचंच. मी मिनेसोटा आणि कोलोरॅडोकडे बघत बसले आहे. तिथे एक जागा इकडची तिकडे झाली की एक राज्य बोलायला लागतं.

गेल्या शिमग्याला गावकीची बैठक झाली. अण्णा आता रत्नागिरीत भावाच्या फ्लॅटवर असतात, गुडघे चालत नाहीत. वही दुसरा एकजण लिहितो. ३१ घरांतली निम्मी बंद, शिमग्याला आणि गणपतीला उघडणारी. पाणंदीवरचं घर पडलं, तिथे आता नुसता जोता आहे, पण यादीत नाव आहे. विषय होता सहाणेवर पत्र्याची शेड घालायची का. पालखी बसते तिथे पाऊस लागतो, म्हणून. अण्णा म्हणाले, "माझं काय, तुम्ही दोघं ठरवा," आणि गावातल्या पुतण्याने भावाला आणि मला दोघांनाही व्हिडिओवर घेतलं. मंडपातले दिवे पिवळे, चेहरे अर्धे दिसत होते. इथे सकाळचे साडेनऊ, मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये.

"मधलं घर?" वही लिहिणाऱ्याने पुकारलं.

भाऊ म्हणाला, "घालू या की."

मी म्हटलं, "नको. मग वरच्या सावरीची फांदी तोडावी लागेल."

पलीकडे कुणीतरी हसलं. भाऊ म्हणाला, "अगं, तू तिथं राहून..." आणि त्याचा आवाज तुटला, नेटवर्क गेलं. पुतण्याने फोन वळवला तेव्हा मला वही दिसली. लाल पुठ्ठा तोच, पाठीवर नवी चिकटपट्टी. लिहिणाऱ्याने वर न बघता रेघ ओढली आणि पुढचं घर पुकारलं.